साडूंची इटालियन बंदूक आणि तुमचा गाल

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ५२ वर्षांचा. कोथरूडला राहतो, बँकेत नोकरी. सहा वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांची १२ बोअरची दुनळी रीतसर अर्ज करून माझ्या परवान्यावर घेतली आणि साडूंच्या नादाने ट्रॅप शूटिंगला, म्हणजे यंत्राने हवेत उडवलेली मातीची तबकडी (क्ले) छर्ऱ्यांनी फोडायच्या खेळाला, जाऊ लागलो. आमच्या क्लबात हौशी लीग असते. पाच-पाच जणांचे संघ, दिवाळीनंतर आठ रविवार, दर रविवारी प्रत्येकाला २५ क्ले, पाच स्टेशनांवरून म्हणजे उभं राहायच्या जागांवरून पाच-पाच, एका क्लेला एकच बार. गेल्या हंगामात माझी सरासरी १६ पडली. साडू आमचे कप्तान. त्यांनी यंदा इटालियन ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्यांची बंदूक) घेतली आणि मलाही सांगतात, ‘ती वडिलांची बंदूक आता भिंतीला लाव.’ माझा क्ले सुटला की मागून लगेच काय चुकलं तेही सांगतात. बायको म्हणते, तेवढ्या पैशांत स्वयंपाकघर नवं होईल.

मी उजव्या खांद्यावरून मारतो. चष्मा प्रोग्रेसिव्ह, लांबचं-जवळचं एकाच काचेत. वडील सव्वापाच फुटांचे होते, मी पावणेसहा. पावसाळ्यात रेंज बंद आहे, हातात अडीच महिने आहेत. बंदूक बदलू का? नाही तर तयारी काय करू? ऑलिंपिकमध्ये एका क्लेवर दोनदा मारतात, मग आम्हाला एकच का, हेही सांगा. गेल्या हंगामाच्या आठही गुणकार्डांचे फोटो जोडले आहेत.

– सोळावर अडकलेला

सोळावर अडकलेले महाशय,

आधी स्वयंपाकघर करून घ्या.

बंदुकीचं पुढे बोलूच, पण कार्डं पाठवलीत हे फार बरं केलंत. मला पत्रं लिहिणारे बहुतेक जण नुसती सरासरी कळवतात. सरासरी ही स्थळाच्या माहितीतल्या पगारासारखी असते. ऐकायला बरी, पण घर कसं चाललंय ते तिच्यावरून कळत नाही. मी तुमची आठ कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि पेन्सिल घेऊन बसले.

एकूण २०० क्ले. १२८ फुटले, ७२ लॉस्ट, म्हणजे न फुटलेले. आता हे ७२ कुठे गेले ते बघा. पहिल्या स्टेशनवर १३, दुसऱ्यावर ११, तिसऱ्यावर १०, चौथ्यावर १६ आणि पाचव्यावर २२. म्हणजे मधल्या स्टेशनवरून तुम्ही चाळीसपैकी तीस फोडलेत आणि पाचव्यावरून चाळीसपैकी अठरा. बंदूक तीच, काडतूस तेच, सकाळही तीच. तिसऱ्या स्टेशनवर चांगली असलेली बंदूक काही पावलं उजवीकडे गेल्यावर बिघडते, असं साडूंचं म्हणणं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसरी गोष्ट कार्डावर आडवं वाचलं की दिसते. प्रत्येक स्टेशनवरचा पहिला क्ले. असे चाळीस पहिले क्ले होते, त्यातले २४ गेले. उरलेल्या १६० मध्ये गेले ४८. स्टेशन बदलून आलात की पहिला बार तुम्ही जवळजवळ दान करून टाकता.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. ७२ पैकी ३८ लॉस्ट हे आधीच्या लॉस्टच्या पाठीला पाठ लावून आलेत. तुमच्या दोन बारांच्या मध्ये बाकीचे चौघे एकेक बार उडवतात. तेवढा वेळ तुमच्या मागे कोण बोलत असतं, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय.

तेव्हा तुमची तयारी या तीन ठिकाणी आहे. बंदुकीच्या दुकानात नाही.

पाचव्या स्टेशनपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त गळती तिथे आहे. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याला डावीकडे वळणं सोपं जातं. अंग बंदुकीच्या अंगावर मिटत जातं, दस्ता गालाला आणखी घट्ट बसतो. उजवीकडे वळताना उलटं होतं. डावा हात नळीला ओढत नेतो, कंबर एका जागी अडते, खांदा पुढे सरकायचा थांबतो आणि दस्ता गालापासून सुटायला लागतो. पाचव्या स्टेशनवरून उजवीकडे जाणारा क्ले हा तुम्हाला मिळणारा सगळ्यात तिरका क्ले. छर्रे तिथे पोचेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो, तेवढ्यात तो दोन-तीन फूट पुढे निघून जातो. नळी त्याच्या पुढे पळायला हवी असते नेमकी तेव्हा तुमची कंबर संपते. नळी थबकते, बार क्लेच्या मागे पडतो, आणि साडू म्हणतात, ‘मागे पडलास!’ त्यांचं निदान बरोबर आहे हो. पण औषध कुणीच सांगितलेलं नाही.

औषध पायात आहे. बहुतेक हौशी लोक पाचही स्टेशनवर पाय एकाच दिशेला, समोरच्या घराकडे, जिथून मशीन क्ले उडवतं तिकडे, ठेवतात. पाचव्यावर तसं करू नका. तिथून सगळ्यात उजवीकडे गेलेला क्ले तुम्ही जिथे फोडाल, त्या जागेकडे डाव्या पायाचा अंगठा करा. मग अंग तसंच ठेवून कमरेतून डावीकडे परत या आणि नळी घराच्या छपराच्या उजव्या कोपऱ्यावर धरा. स्प्रिंग आवळल्यासारखं वाटेल, वाटू द्या. क्ले सुटला की ती स्प्रिंग आपोआप उजवीकडे सुटते आणि कंबर अडायच्या आत बार होतो. डावीकडचा क्ले आला तर? येईल. पण डावीकडे तुम्हाला जागा आहेच. चौथ्यावर हेच, थोडं कमी.

आता गाल.

मी शिकले तेव्हा पुण्यातल्या सिटीबसला पीएमटी म्हणत. आमचे गुरुजी लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. आवाज असा की ‘पुल’ (क्ले सोडायचा हुकूम) म्हणाले तर शेजारच्या वावरातली ढोरं मान वर करायची. त्यांनी पहिले तीन आठवडे मला काडतूस दिलंच नाही. खिशातून पीएमटीचं तिकीट काढायचे, ते पातळ रंगीत चिठोरं, कंडक्टरने चिमट्याने भोक पाडलेलं, आणि म्हणायचे, गालाखाली धर. गाल आणि दस्ता यांच्यामध्ये तिकीट. बंदूक खांद्याला लावायची, कौलांच्या कडेवरून नळी डावीकडून उजवीकडे न्यायची, थांबायचं, परत आणायची. तिकीट पडलं की पहिल्यापासून. मी त्या तीन आठवड्यांत तिकिटं उचलण्यात जेवढी वाकले तेवढी नंतर बाळंतपणातही वाकले नाही.

त्याचं कारण गुरुजींनी कधी सांगितलं नाही, मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. रायफलला मागची साइट असते. या बंदुकीला नळीच्या टोकाला फक्त एक मणी असतो. मागची साइट म्हणजे तुमचा डोळा. डोळ्यापासून मण्यापर्यंत अंतर सुमारे एक मीटर. गाल दस्त्यावरून एक सेंटिमीटर उचलला गेला तर तीस मीटरवर बार फूटभर वर जातो. तिथे छर्ऱ्यांचा उपयोगी पसारा असतो जेमतेम अडीच फुटांचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सव्वा फूट. तुम्ही क्लेला पसाऱ्याच्या कडेवर आणून ठेवलंत. कधी फुटेल, कधी नुसती धूळ उडेल, आणि धूळ उडाली तर रेफरी लॉस्टच देणार. तुकडा दिसायला हवा.

माणूस गाल उचलतो कशासाठी? फुटला का ते बघायला. उत्सुकता हो, दुसरं काही नाही. बार व्हायच्या आधीच निकाल बघायची घाई.

हल्ली पीएमपीचं मशीनचं तिकीट गुळगुळीत येतं, घामाने गालाला चिकटून बसतं आणि मान उचलली तरी पडत नाही. लबाड आहे. वर्तमानपत्राचा बोटभर कपटा घ्या. रोज रात्री वीस वेळा बंदूक खांद्याला लावायची. वीसच, पण रोज. भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेघ नळीच्या टोकाने गिरवायची, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, कपटा न पाडता. नळीत बसेल अशी छोटी टॉर्च मिळाली तर कापड गुंडाळून बसवा. उजेडाचा ठिपका रेघेवरून किती हेलकावे खातो ते पाहून तुम्हालाच हसू येईल. आठ दिवसांनी तो सरळ जायला लागतो. मग पाय पाचव्या स्टेशनसारखे लावून हेच करा. कंबर कुठे संपते ते दिवाणखान्यातच कळेल, त्यासाठी काडतूस लागत नाही.

यातली सावधगिरी तुम्हाला माहीत असेल तरी लिहिते. ज्या खोलीत सराव, त्या खोलीत एकही काडतूस नको. ती दुसऱ्या खोलीत, कुलपात. बंदूक हातात घेतली की मोडायची, म्हणजे सांध्यातून उघडायची, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघायचा, बोटही फिरवायचं. ट्रिगर ओढायचा असेल तर डमी काडतुसं घाला, जुन्या बंदुकीच्या पिना रिकाम्या ठोकून तुटतात. नळी माणसाकडे नको, भिंतीपलीकडच्या माणसाकडेही नको. आणि पडदे ओढा! कोथरूडच्या सोसायटीत समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांना रात्री नऊ वाजता समोरच्या खिडकीत बंदूक फिरताना दिसली तर तुमचा पुढचा सराव पोलीस चौकीत होईल.

चष्म्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ते बंदुकीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. गाल दस्त्यावर टेकला की मान पुढे आणि किंचित उजवीकडे झुकते. म्हणजे तुम्ही उजव्या काचेच्या मध्यातून बघतच नाही. नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघता. प्रोग्रेसिव्ह काचेत कडेला दिसणं वेडंवाकडं होतं, आणि फ्रेम छोटी असेल तर वरची कड नेमकी आडवी येते. मग माणूस नीट दिसावं म्हणून काय करतो? मान उचलतो. म्हणजे वरचं सगळं प्रवचन वाया.

नेमबाजीसाठी वेगळा चष्मा करा. फक्त लांबचा नंबर, पॉलिकार्बोनेटची काच, मोठी फ्रेम, नाकावर जरा उंच बसणारी. दुकानदाराला सांगा की मी वरच्या कोपऱ्यातून बघणार आहे, काचेचा मध्य तिथे आणा. तो विचारेल, कुठे म्हणजे नेमकं कुठे? त्यासाठी घरी बंदूक खांद्याला लावलेला फोटो बायकोकडून बाजूने काढून घ्या आणि तो दाखवा. लक्ष्मी रोडला दुनळी घेऊन जाऊ नका. साध्या उजेडाच्या काचेबरोबर एक फिकी पिवळी काच असली की डिसेंबरातल्या धुकट सकाळी उपयोगी पडते. ऑक्टोबरात रेंजवरचं गवत हिरवं असतं, त्यावर नारिंगी क्ले झळकतो. जानेवारीत तेच गवत वाळून पिवळं पडतं आणि क्ले त्यात मिसळून जातो. हंगामाच्या शेवटी गुण घसरले की लोक दमलो म्हणतात. बरेचदा नुसतं दिसत नसतं.

जाता जाता डोळ्याची एक परीक्षा करून घ्या. दोन्ही हात लांब करून तळव्यांत एक छोटी खिडकी करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि डावा डोळा मिटा. घड्याळ खिडकीत राहिलं तर उजवा डोळा धनी आहे, ठीक. नाहीसं झालं तर डावा डोळा मध्येच कारभार हातात घेतो आणि बार वाटेल तिथे जातो. पन्नाशीनंतर हे बदललेलंही मी पाहिलंय. उपाय स्वस्त आहे: डाव्या काचेवर, जिथून नळीचं टोक दिसतं तिथे, जुन्या चार आण्याएवढा धुरकट चिकटपट्टीचा तुकडा. दोन्ही डोळे उघडे राहतात आणि भांडण मिटतं.

आता बंदूक. साडूंशी मी वाद घालणार नाही. ट्रॅपला ओव्हर-अंडर चांगलीच. डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी येते, वजन जास्त म्हणून नळी एका चालीने फिरते, आणि ट्रॅपसाठी केलेली बंदूक मुद्दाम थोडी वर मारते, कारण क्ले वर चढत असतो. तुमची दुनळी शिकारीसाठी केलेली, ती बहुतेक सरळ मारत असणार. म्हणजे क्लेला नळीच्या टोकाने झाकावं लागतं. हा फरक खरा आहे. पण सोळाचे वीस करण्यात त्याचा वाटा फार तर एखाद-दुसऱ्या क्लेचा. शिवाय नवी बंदूक घेतलीत की वडिलांच्या बंदुकीच्या सवयी मोडायलाच निम्मा हंगाम जाईल. वीस-एकविसावर स्थिर झालात की मला परत लिहा, तेव्हा मी स्वतः घ्या म्हणेन.

तोवर या दुनळीची दोन कामं करा. एक, ती जाणत्या बंदूक कारागिराला दाखवा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, किती मिलिमीटरचं आहे ते मोजून घ्या. जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेल्या असू शकतात. त्यात ७० चं काडतूस सहज आत जातं, म्हणून लोकांना वाटतं चालतं. चालत नाही. झाडल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळ्यांत खड्डे आहेत का, सांधा ढिला झालाय का, हेही तो सांगेल. त्याने नको म्हटलं तर विषय संपला, मग मात्र भिंतीला लावा.

दोन, दस्ता. तो सव्वापाच फुटांच्या माणसाच्या मापाचा आहे! वडिलांचा सदरा घालून तुम्ही बँकेत जाता का? बंदूक खांद्याला लावल्यावर उजव्या अंगठ्याचं पेर आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटं अंतर हवं. तुमच्या वरच्या ओठाला बार झाल्यावर कधी अंगठा लागलाय का? मला वाटतं लागला असेल. मागे चढवायचं रबराचं टोपण मिळतं, त्याने दस्ता इंचभर लांब होतो आणि धक्काही मऊ लागतो. गाल खाली पडत असेल तर वर पातळ फोमची पट्टी चिकटवा. लाकूड कापू नका, वडिलांची आहे.

मग रेंज उघडली की पहिले चार-पाच बार क्लेवर मारूच नका. जुन्या चादरीएवढा कागद चौकटीला लावा, मध्ये ठिपका काढा, तीस-पस्तीस पावलांवरून मारा. छर्रे ठिपक्याच्या वर पडतात की खाली, डावीकडे की उजवीकडे, ते एकदा डोळ्यांनी बघा. दोन्ही नळ्या वेगळ्या तपासा, त्यांचे चोक, म्हणजे टोकाशी नळी किती आवळलेली आहे ते, वेगळे असणार. एका बारासाठी जी नळी घट्ट मारते ती वापरा. गेला अख्खा हंगाम तुम्ही कोणत्या नळीने मारलात ते आठवतंय का?

काडतुसांचं सांगायचं तर पुण्यात राहून तक्रार करायला जागा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि तिथली १२ बोअरची काडतुसं हौशी माणसाला पुरेशी असतात. साडेसात किंवा आठ नंबरचे छर्रे घ्या, आणि जी जात घ्याल ती पूर्ण हंगाम बदलू नका. परवान्यावर वर्षाचा आकडा लिहिलेला असतो, आठ रविवारांची दोनशे आधी बाजूला काढा आणि उरलेली मोजून सरावाला ठेवा. म्हणून तर म्हणते, घरचा कपटा गालाखाली धरा. पुरवून वापरायची असतील तर सरावाची शंभरही खूप झाली: पाच-दहा कागदावर, दहा-पंधरा तिसऱ्या स्टेशनवर नुसता हात मोकळा करायला, पन्नास फक्त चौथ्या-पाचव्यावर, आणि शेवटची पंचवीस पूर्ण राउंड म्हणून, कार्ड लिहून. पूर्ण राउंडमागून राउंड मारत बसलात तर जमणारं पुन्हा जमेल आणि न जमणारं पुन्हा चुकेल.

आता पहिला क्ले आणि साडू, दोन्ही एकत्रच. ‘पुल’ आणि ‘बर्ड’ हे शब्द आपण वापरतो ते जिवंत कबुतरांच्या काळचे. पेटीत कबुतर, दोरी ओढली की पेटी उघडायची. ट्रॅप म्हणजे ती पेटी. पुढे १८८० च्या सुमारास अमेरिकेत मातीची तबकडी आली आणि कबुतरं सुटली. पण दोरी कधी ओढायची हे तेव्हाही मारणारा ठरवायचा आणि आताही तुम्हीच ठरवता. त्या पूर्ण खेळात तुमच्या ताब्यातला क्षण तेवढाच. आणि तुम्ही नव्या स्टेशनवर जाऊन, मागच्याने मारलं, आता माझी पाळी, सगळे थांबलेत, म्हणून घाईघाईने पुल म्हणून तो देऊन टाकता. कोणी थांबलेलं नसतं हो. पाय लावा. काडतूस घाला. नळी कोपऱ्यावर धरा. मग नजर नळीवरून काढून पुढे हवेत, क्ले जिथे पहिल्यांदा नीट दिसतो तिथे नेऊन ठेवा. एक श्वास. मग पुल. हे प्रत्येक वेळी याच क्रमाने, तिसऱ्या स्टेशनवरही, जिथे गरज वाटत नाही तिथेही. दिवाणखान्यात वीसही वेळा असंच करायचं, पुल मनात म्हणायचं. बायको घरात असेल तर मनातच.

आकडा मोजू नका. एकदा माझे ओळीने तेवीस फुटले होते. मला माहीत नव्हतं. मागे कुणीतरी कौतुकाने हळूच ‘तेवीस’ म्हणालं. चोवीस आणि पंचवीस दोन्ही गेले. तो गृहस्थ अजून भेटला की चहा पाजतो.

साडूंशी बोला, पण रेंजवर नाही आणि बायकांच्या समोर तर नाहीच. एखाद्या संध्याकाळी घरी बोलवा, ही आकडेवारी पुढे ठेवा आणि म्हणा, भाऊसाहेब, तुम्ही कप्तान, तुमचं निरीक्षण मला हवंय. तुम्ही ते कार्डावर लिहून ठेवा, रविवारी संध्याकाळी चहाला बसून वाचू. रांगेत कुणी नेम धरत असताना मागे न बोलणं ही तशीही रीत आहे, चार अनोळखी माणसं उभी असती तर त्यांनीही पाळलीच असती. कप्तानपदाला मान मिळाला की माणूस गप्प बसायला तयार होतो. नाही बसले तर मोठे इअरमफ घाला.

ते तसेही घालाच. आत फोमचे बोळे, वर मफ, दोन्ही. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. आमच्या वेळी कापसाचा बोळा म्हणजे चैन होती. माझ्या डाव्या कानात गेली वीस वर्षं रातकिडा आहे, आत्ता हे लिहितानाही आहे.

अंगाची तयारी फार नको. बंदूक साडेतीन किलोची, रोजच्या वीस उचलींनी हात बनतो. आठवड्यातून तीन दिवस सकाळी वेताळ टेकडी चढा, उतरताना गुडघे किंचित वाकवून उतरा, मांड्या बनतात. शेवटच्या पाच क्लेंना माणूस खांद्याने नाही, पायांनी दमतो.

पावसाळा अजून आहे, तेव्हा बंदूक कातडी पिशवीत ठेवली असेल तर आजच बाहेर काढा. कातडं ओल धरतं. आठवड्याला एकदा तेलाचं फडकं. बंदुकीचंच तेल, खोबरेल नाही. जुनी मंडळी खोबरेल लावत, आणि ते डिसेंबरात थिजून आतल्या कळी जाम करी. दसऱ्याला पूजा करालच. झेंडू दस्त्यावर ठेवा, हळदकुंकू नळीत किंवा सांध्यात जाऊ देऊ नका, आणि पूजेत काडतुसं मांडून समोर निरांजन लावायची हौस नको. मी पाहिलंय असं ताट.

कागदांपैकी परवान्याची मुदत आज बघा, हंगामाच्या मध्येच संपत असेल तर आत्ताच अर्ज टाका. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर बंदूक जमा करायचा निरोप येऊ शकतो. स्पर्धांत उतरणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या सदस्यांना निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये सूट आहे, पण क्लबातल्या लीगने तुम्ही त्यात बसता असं गृहीत धरू नका, आपल्या पोलीस ठाण्यात आधी विचारून ठेवा. नेताना बंदूक रिकामी, पेटीत, परवाना सोबत. परतताना बंदूक गाडीत ठेवून मिसळ खायला उतरायचं नाही. घरी या, बंदूक कुलपात जाऊ दे, हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. छर्रे शिशाचे असतात आणि शिसं बोटांवर राहतं. मग मिसळ.

टीव्हीवरचं राहिलं. तो खेळ वेगळा. ऑलिंपिक ट्रॅपला खंदकात १५ यंत्रं असतात, क्ले ७६ मीटरपर्यंत जाईल एवढ्या जोराने सुटतो, सुटताना ताशी शंभर किलोमीटरच्या वर, आणि दोन्ही बाजूंना बराच जास्त तिरका. म्हणून पात्रता फेरीत दोन बार देतात, अंतिम फेरीत एकच. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत कायनन चेनाई, पृथ्वीराज तोंडईमान आणि झोरावर सिंग संधू यांनी सांघिक सुवर्ण मिळवलं ते या प्रकारात. तुमच्या क्लबात एकच मशीन डावी-उजवीकडे हलतं, ती अमेरिकन पद्धत. क्ले त्यामानाने हळू, साधारण ताशी पासष्ट-सत्तर, तुम्ही उभे घरापासून १६ यार्डांवर. त्याला एकच बार. ऑलिंपिकवाल्यांचे पहिल्या बाराचे व्हिडिओ बघा, विशेषतः बार झाल्यानंतरचं अर्धं सेकंद. क्ले फुटून धूर झालेला असतो आणि गाल अजून दस्त्यावर असतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या चार रविवारांची कार्डं पाठवा. सरासरी काढायची तसदी घेऊ नका, पाचव्या स्टेशनचे चार आकडे तेवढे वेगळे लिहा, आणि कोणत्या नळीने मारलेत तेही.

– तुमची ताई